मोटारसायकल वाहून नेताना : मोटारीमागचा रॅक, टेम्पो, बस आणि रेल्वे

कोल्हापूर : मोटारीच्या मागे लोखंडी रॅक जोडायचा, त्यावर मोटारसायकल आडवी चढवायची आणि कुटुंबासह सहलीला निघायचे, हे दृश्य अमेरिकेतील महामार्गांवर नवे नाही. परदेशी चित्रफिती पाहून आपल्याकडील हौशी दुचाकीस्वारांनाही असा रॅक हवासा वाटू लागला आहे. कोल्हापुरात तर तो बनवून घेणे अवघड नाही. लोखंडाचे कोणतेही काम शिवाजी उद्यमनगरात सांगावे आणि ते होऊन मिळावे, अशी या शहराची ख्याती आहे. परंतु रॅक तयार होणे आणि तो दीडशे किलो वजन घेऊन आंबा घाटातून सुखरूप उतरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात रस्त्यावरील इतरांचा जीवही गुंतलेला असल्याने हा विषय केवळ हौसेचा राहत नाही.

'हिच रॅक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या साधनाची रचना साधी असते. गाडीच्या चासीला मागील बाजूस एक चौकोनी पोकळ नळी पक्की बसविलेली असते. तिच्यात रॅकचा दांडा सरकवून आरपार खिळ घातली जाते. दांड्याच्या टोकाला मोटारसायकलची चाके बसतील अशी आडवी पन्हळ असते. अमेरिकेत ही नळी बहुधा दोन इंची असते आणि मोटारसायकलसाठीचे रॅक साधारणतः १८० ते २७० किलो क्षमतेचे म्हणून विकले जातात. तेथील पिकअप ट्रक आणि मोठ्या जीप हा भार पेलू शकतात. युरोपातील सामान्य मोटारींच्या मागील गोळ्यावर मात्र ७५ ते १०० किलोंपर्यंतच उभा भार चालतो. त्यामुळे तेथे असे रॅक प्रामुख्याने सायकलींसाठी वापरले जातात. भारतीय मोटारींच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच आहे, की मागे किती भार लटकविता येईल हे उत्पादकाने सांगितले आहे काय? सांगितले नसेल, तर रॅकवर कोरलेल्या क्षमतेला अर्थ उरत नाही. रॅक टिकेल, पण ज्या ठिकाणी तो जोडला आहे ती जागा टिकेलच असे नाही.

बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा, फॉर्च्युनर यांसारख्या गाड्यांना स्वतंत्र शिडीवजा चासी असते. छोट्या हॅचबॅक आणि बहुतेक सेडान मोटारींना ती नसते. पत्र्याची बॉडी हाच त्यांचा सांगाडा असतो. अशा मोटारीच्या मागील पत्र्याला बोल्ट मारून मोटारसायकल लटकविणे हे धाडस नव्हे, अविचार आहे.

चासीच्या गाडीतही तरफेचे गणित चुकत नाही. स्प्लेंडर प्लस मोटारसायकलचे वजन सुमारे ११२ किलो आहे. त्यात रॅकचे वजन धरले, की भार दीडशे किलोंच्या घरात जातो. हा भार मागील धुऱ्याच्या दीड मीटर मागे आहे असे समजू. बोलेरोच्या दोन धुऱ्यांमधील अंतर २.६८ मीटर आहे. मागचा धुरा हा तरफेचा टेकू धरल्यास पुढील चाकांवरील भार सुमारे ८४ किलोंनी कमी होतो आणि मागील चाकांवरील भार सुमारे २३४ किलोंनी वाढतो. म्हणजे दीडशे किलो मागे चढविले, तरी मागच्या पाट्यांना आणि टायरांना अडीचशेच्या जवळपास सोसावे लागते. क्लासिक ३५० सारखी १९५ किलोंची गाडी असेल, तर हिशेब कुठवर जाईल, हे वाचकांनीच पाहावे. ही झाली गाडी उभी असतानाची स्थिती. खड्ड्यात चाक आदळते तेव्हा हाच भार क्षणभर कितीतरी वाढतो आणि प्रत्येक हिसका रॅकच्या जोडावरील वेल्डिंगला बसतो. असे वेल्डिंग एकाएकी तुटत नाही. आधी केसाएवढी भेग पडते, ती हळूहळू वाढत जाते आणि एखाद्या गतिरोधकावर रॅक खाली येतो.

पुढील चाके हलकी झाली की स्टिअरिंगची पकड कमी होते आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला अधिक अंतर लागते. ओल्या घाटरस्त्यावर हे विशेष जाणवते. गाडीचे नाक वर उचलले गेल्याने हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. गाडीचा मागील भाग जमिनीकडे झुकतो आणि तीव्र चढाच्या सुरुवातीलाच रॅक रस्त्याला घासतो. मोटारीचा धूर सोडणारा पाइप मोटारसायकलच्या टायरच्या दिशेने असेल, तर लांबच्या प्रवासात तो टायर तापतो. ही बाब सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

कायदा काय सांगतो?

याहून मोठी अडचण कायद्याची आहे आणि ती साध्या टेपने मोजता येते. बोलेरोची रुंदी १७४५ मिलिमीटर आहे, तर स्प्लेंडरची लांबी सुमारे २००० मिलिमीटर. ही मोटारसायकल मागे आडवी ठेवली, तर दोन्ही बाजूंना सुमारे तेरा-तेरा सेंटिमीटर बाहेर येते. क्लासिक ३५० ची लांबी २१४५ मिलिमीटर असल्याने ती प्रत्येक बाजूला वीस सेंटिमीटर बाहेर डोकावते. १८३० मिलिमीटर रुंदीची इनोव्हा क्रिस्टा घेतली, तरी स्प्लेंडर तिच्या रुंदीत मावत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९३ नुसार वाहनावरील माल बॉडीच्या बाजूंच्या बाहेर येता कामा नये. तो वाहनाच्या मागील टोकापलीकडेही जाता कामा नये. पूर्वी मागील बाजूस काही प्रमाणात सवलत होती. ट्रकमागे लटकणाऱ्या लोखंडी सळयांमुळे होणाऱ्या जीवघेण्या अपघातांच्या पार्श्वभूमीवर २०१४ मध्ये ती काढून घेण्यात आली. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम १९४ मध्ये अशा बाहेर आलेल्या मालासाठी २० हजार रुपये दंडाची आणि माल उतरविण्याच्या खर्चाची तरतूद केली. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत असे बदल वाहनात करण्यास कलम ५२ मनाई करते. मोटारींच्या पुढील लोखंडी 'बुल बार'विरुद्ध कारवाई करण्याचे निर्देश केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिले, तेही याच कलमाच्या आधारे. मागील क्रमांकपाटी, ब्रेकचे दिवे किंवा इंडिकेटर मोटारसायकलआड झाकले गेले, तर तो आणखी वेगळा गुन्हा. रॅक विकणारा यातील काहीच सांगत नाही.

मोटारीमागे छोटा ट्रेलर जोडण्याचा मार्ग काही जण सुचवितात. तांत्रिकदृष्ट्या तो रॅकपेक्षा बरा आहे, कारण भार ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर जातो. पण ट्रेलरलाही नोंदणी लागते आणि ट्रेलरसह गाडी मागे घेण्याचा सराव आपल्याकडे फारच थोड्यांना आहे.

छोटा हत्ती कामाला येतो

या साऱ्याचा विचार करता कोल्हापूरकरांना मोटारसायकल नेण्याचे जुने साधनच श्रेयस्कर ठरते, ते म्हणजे टेम्पो. २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा एसला लोकांनी 'छोटा हत्ती' हे नाव दिले. त्याचा हौदा सुमारे २.२ मीटर लांब असल्याने स्प्लेंडर किंवा ॲक्टिव्हा त्यात सरळ उभी राहते. बुलेट जेमतेम बसते. मोठ्या मोटारसायकलसाठी बोलेरो पिकअप सोयीची. नाशिक, पुण्यासारख्या ठिकाणच्या मोटोक्रॉस शर्यतींना जाणारे स्पर्धकही आपल्या गाड्या बहुधा पिकअपमधूनच नेतात. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत भारतीय सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. अशा शर्यतींच्या आवारात गेल्यास गाड्या कशा बांधाव्यात याचे धडे फुकट पाहायला मिळतात.

अपघात बहुतेक वेळा चढवताना होतो. हौद्याची उंची पाऊण मीटर धरली आणि फळी दीड मीटर लांबीची घेतली, तर चढ ३० अंशांचा होतो. ११२ किलोंची मोटारसायकल त्यावरून ढकलण्यासाठी ५६ किलोंचा जोर लागतो. फळी २.४ मीटरची घेतली, तर चढ १८ अंशांवर येतो आणि जोर ३५ किलोंवर. लांब फळी मिळत नसेल, तर टेम्पोची मागील चाके उताराच्या बाजूला उभी करावीत किंवा उंच धक्का शोधावा. गल्लीतील एखाद्या दुकानाची पायरीसुद्धा कामी येते. फळीचे वरचे टोक हौद्याला दोरीने बांधलेच पाहिजे. मोटारसायकल वर सरकताना तिचे चाक फळीला मागे रेटते आणि न बांधलेली फळी नेमकी मागचे चाक चढताना निसटते. एकाने हँडल धरून पुढचा ब्रेक हाताशी ठेवावा, दोघांनी मागून आणि बाजूने ढकलावे. इंजिन चालू करून, क्लच सोडत गाडीवर बसून वर चढविण्याचा मोह टाळावा. हौद्याच्या पुढील भिंतीपर्यंत अंतर फार थोडे उरते.

बांधणी

वर पोहोचल्यावर पुढचे चाक हौद्याच्या पुढील भिंतीला टेकवावे. मध्ये जुना टायर किंवा पोत्याची घडी ठेवावी. यानंतरची प्रथा म्हणजे गाडी डबल स्टँडवर उभी करून हँडलपासून मागच्या कॅरिअरपर्यंत नायलॉनचा दोर गुंडाळणे. सर्वाधिक नुकसान याच प्रथेने होते. डबल स्टँडवर गाडीचे मागचे चाक अधांतरी राहते. टेम्पो आदळला की सारे वजन स्टँडच्या दोन पायांवर येते, स्टँडचा जोड वाकतो किंवा गाडी पुढे कलंडते. साइड स्टँडवर दोर आवळला तर त्याचा कान तुटतो. मोटारसायकल दोन्ही चाकांवर उभी असावी, स्टँड मिटलेला असावा आणि तिला उभे ठेवण्याचे काम फक्त पट्ट्यांनी करावे, ही योग्य पद्धत.

नायलॉनचा दोर ताणला जातो आणि गाठ सरकते. त्याऐवजी रॅचेटचे चार पट्टे वापरावेत. पुढचे दोन पट्टे फोर्कच्या दोन नळ्यांना जोडणाऱ्या खालच्या पट्टीला अडकवून पुढे, खाली आणि बाहेरच्या दिशेने हौद्याच्या कोपऱ्यातील कड्यांपर्यंत न्यावेत. पट्ट्याचा कोन साधारण ४५ अंशांचा असावा. हँडलच्या टोकाला पट्टा अडकविल्यास मूठ फिरते, ब्रेकची नळी दबते आणि हँडल वाकते. आरसा, इंडिकेटर, सायलेन्सर यांना पट्टा लावणे म्हणजे ते तुटण्याची व्यवस्था करणेच. मागचे दोन पट्टे सीटखालील सांगाड्याला किंवा मागच्या फुटरेस्टच्या पट्टीला लावून मागच्या कोपऱ्यांत न्यावेत. त्यांचे काम मागचा भाग डावी-उजवीकडे सरकू न देणे एवढेच असते.

पुढचे पट्टे दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. पुढचा शॉकॲब्सॉर्बर त्याच्या पूर्ण हालचालीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत दबला की थांबावे. कमी दाबला, तर खड्ड्यात गाडी खाली बसते, पट्टा सैल होतो आणि हूक कडीतून निघतो. पूर्ण दाबला, तर ऑइल सीलवर ताण येतो आणि धक्का शोषायला जागाच उरत नाही. मोटोक्रॉसवाले यासाठी टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये लाकडी ठोकळा ठेवतात. हूक रंगावर घासू नये म्हणून मध्ये कापडी फास किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. सायकलच्या जुन्या ट्यूबएवढी बहुगुणी वस्तू गॅरेजमध्ये दुसरी नसेल, मात्र ताणली जाणारी ट्यूब हीच बांधणी समजू नये.

पट्टे किती मजबूत हवेत? मालबांधणीच्या युरोपीय प्रमाणानुसार माल पुढच्या दिशेला त्याच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना व मागे ५० टक्के जोराने सरकू पाहील, असे धरले जाते. म्हणजे जोराचा ब्रेक लागताच स्प्लेंडर पुढच्या भिंतीवर सुमारे ९० किलोंचा, तर १९५ किलोंची गाडी १५६ किलोंचा रेटा देते. पट्ट्यावर छापलेले आकडे दोन प्रकारचे असू शकतात : तुटण्याचा भार आणि वापरण्याचा भार. दुसरा आकडा साधारणतः पहिल्याच्या एक तृतीयांश असतो आणि खरेदी करताना तोच पाहावा.

मोटारसायकल गिअरमध्ये ठेवावी, पेट्रोलचा कॉक असल्यास बंद करावा, किल्ली काढून घ्यावी. हँडल लॉक करू नये. लॉकमुळे पुढचे चाक तिरके राहते आणि पट्ट्यांचा ताण असमान होतो. वाऱ्यात फडफडणारी ताडपत्री रंगावर ओरखडे काढते, तेव्हा ती घालायचीच तर घट्ट बांधावी. सुटल्यानंतर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासावेत. कोल्हापुरातून पुण्याकडे निघालेल्यांनी पेठवडगाव फाट्यानंतर आणि कोकणात उतरणाऱ्यांनी घाट लागण्यापूर्वी हे करावे. गगनबावड्याहून करूळ घाटात शिरल्यावर थांबायला सुरक्षित जागा शोधावी लागते.

गाडी धरायला म्हणून एखाद्या पोराला हौद्यात उभे करण्याची सवय मात्र कायमची बंद व्हायला हवी. ब्रेक लागल्यावर नव्वद किलोंचा रेटा माणसाच्या हातांनी थोपवता येत नाही. मोटारसायकल आधी त्याच्याच अंगावर येते. मालाच्या मालकाने किंवा त्याच्या प्रतिनिधीने चालकाशेजारी केबिनमध्ये बसावे.

महापुरानंतरची वाहतूक

कोल्हापुरात दुचाकी टेम्पोत घालण्याची वेळ हौसेपेक्षा आपत्तीने अधिक आणली आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये नदीने या दोन्ही पातळ्या मागे टाकल्या, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि सखल भागांत दारात उभ्या असलेल्या असंख्य दुचाकी पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर अनेकांचा पहिला हात किकवर जातो. तोच महागात पडतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली गाडी सुरू न करता, न्यूट्रलमध्ये ढकलत टेम्पोत चढवावी आणि गॅरेजमध्ये न्यावी. अशी गाडी हौद्यातही गिअरमध्ये ठेवू नये. बॅटरीची तार काढून ठेवावी. सर्वंकष विमा असल्यास गाडी हलविण्यापूर्वी जागेवरच छायाचित्रे काढून विमा कंपनीला कळवावे. पाणी शिरल्यानंतर इंजिन चालवून झालेले नुकसान कंपन्या सहसा नाकारतात.

विजेवर चालणाऱ्या स्कूटरसाठी दक्षता आणखी वेगळी. बुडालेली लिथियम बॅटरी वरून कोरडी दिसली, तरी चार्ज करू नये. २०२२ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात 'इयान' चक्रीवादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही विद्युत मोटारींनी नंतर पेट घेतल्याच्या घटना घडल्या. नदीचे पाणी तेवढे क्षारयुक्त नसते, पण गाळाच्या पाण्याचाही भरवसा नाही. अशी स्कूटर घराच्या जिन्याखाली न ठेवता उघड्यावर ठेवावी आणि उघड्या टेम्पोतूनच न्यावी.

बस आणि रेल्वे

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जाणारे तरुण दुचाकी खासगी बसच्या डिकीतून पाठवतात. ही सेवा जलद असते, पण डिकीत गाडी पुष्कळदा तिरकी किंवा आडवी टाकली जाते. आडव्या गाडीच्या टाकीतून पेट्रोल झिरपते आणि त्याच्यावरच्या मजल्यावर चाळीसेक प्रवासी झोपलेले असतात. टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय दुचाकी घेणारी बस प्रवाशाने आणि गाडीमालकाने, दोघांनीही टाळावी.

रेल्वेने दुचाकी पाठविण्याचे दोन मार्ग आहेत. स्वतः त्याच गाडीने प्रवास करणार असल्यास ती 'लगेज' म्हणून, तर स्वतः न जाता पाठवायची असल्यास 'पार्सल' म्हणून नोंदवावी लागते. मुंबईकडे जाणाऱ्या महालक्ष्मी एक्स्प्रेससारख्या गाड्या कोल्हापूरहून, म्हणजे छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरूनच सुटतात. येथे चढाईला वेळ मिळतो, ही मोठी सोय आहे. मधल्या स्थानकावर दोन-तीन मिनिटांच्या थांब्यात गाडी चढवताना-उतरवताना होणारी ओढाताण येथे नसते. नोंदणी प्रमाणपत्र आणि ओळखपत्राच्या प्रती सोबत ठेवाव्यात. टाकी पूर्ण रिकामी करावी. आरसे काढून घ्यावेत. हँडल, टाकी, दिवे यांना पुठ्ठा आणि गोणपाट गुंडाळावे. पुठ्ठ्यावर आणि गाडीवर अशा दोन ठिकाणी पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव आणि स्थानके ठळक लिहावीत. पॅकिंग सुटले, तरी एक तरी नाव शाबूत राहते. शक्यतो आदल्या दिवशी पार्सल कार्यालयात पोहोचावे. नोंदणी करताना गाडीचे मूल्य विचारले जाते, ते कमी सांगून पैसे वाचविण्याचा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की नुकसानभरपाईचा हिशेबही त्याच मूल्याशी जोडलेला असतो.

दुचाकीच्या सर्वंकष विम्यात रस्ता, रेल्वे, जलमार्ग किंवा हवाई मार्गाने वाहतूक होत असताना झालेले नुकसान अंतर्भूत असते. ही तरतूद अनेक गाडीमालकांना ठाऊक नसते. केवळ तृतीय पक्ष विमा असेल, तर यातील काहीही मिळत नाही. गाडी परराज्यात, उदाहरणार्थ बेळगाव किंवा बंगळुरूला, बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल, तर तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे नाहरकत प्रमाणपत्र गाडी पाठविण्यापूर्वीच घेतल्यास पुढची फेरी वाचते.

गाडी ताब्यात घेताना पावतीवर सही करण्याआधी पॅकिंग सोडून पाहावे. फोर्क सरळ आहे का, टाकीला पोचा आहे का, हँडल दोन्ही बाजूंना सारखे वळते का, हे तेथेच तपासून त्रुटी असल्यास पावतीवर लिहून घ्यावी. पेट्रोलचा पंप स्थानकापासून किती दूर आहे, याची चौकशीही आधीच केलेली बरी. टाकी रिकामी असल्याने गाडी तिथपर्यंत ढकलतच न्यावी लागते.